मागचा भांग

"बाबा, आहात ना?"

रोज सकाळी मी अंघोळीला गेलो की न्हाणीच्या दाराबाहेरून हा प्रश्न येई. डोक्यावर पाणी घेता घेता मी थांबायचो आणि म्हणायचो, "आहे." मग थोडा वेळ शांतता. साबण लावून होईपर्यंत पुन्हा, "आहात ना?" पुन्हा, "आहे." एका अंघोळीत तीनदा, कधी चारदा. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिची आई जाऊन चार महिने झाले होते.

तिच्या आईचं दुखणं लांबलं नाही. एका सकाळी ताप अंगातच होता म्हणून आम्ही तिला सोलापूरला घेऊन गेलो आणि पाचव्या दिवशी तिच्याशिवाय तुळजापूरला परत आलो. त्या सकाळी मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघाली तेव्हा आई चुलीपाशी नव्हती, पण घरात होती. पलंगावरून तिनं डबा भरलाय का म्हणून विचारलं होतं. शाळा सुटून मुलगी घरी आली तेव्हा पलंग रिकामा होता. नंतर जे झालं ते सगळं मोठ्या माणसांनी केलं, बोललं, आवरलं. मुलीच्या वाट्याला तो रिकामा पलंगच आला असावा. मी नजरेआड झालो तर माझंही तसंच होईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. तसं ती कधी बोलली नाही. फक्त दाराबाहेर उभी राहायची.

मी गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. शाळा सुटली की ती तिथं यायची आणि दोन कपाटांच्या मधल्या जागेत भिंतीला टेकून बसायची. पुस्तक हातात असे, पान उलटत नसे. पेन्सिल आणायला समोरच्या दुकानात जा म्हटलं तर म्हणायची, "तुम्ही पण चला." वर्गात हजेरी घेताना "हजर" म्हणायचा तिचा आवाज ऐकू येत नाही, असं तिच्या बाई एकदा म्हणाल्या. मी मान हलवली. आमच्या घरात तेव्हा कुणाचाच आवाज फारसा ऐकू येत नव्हता.

तिच्या वेण्या तिची आई घालायची. उंबऱ्यावर बसून, मुलीला खालच्या पायरीवर बसवून. आधी तेल, मग शेपटीच्या कंगव्यानं कपाळापासून मानेपर्यंत सरळ भांग, मग दोन वेण्या, लाल रिबिनी, टोकाला गाठ. सगळं पाच मिनिटांत, आणि त्या पाच मिनिटांत दोघींचं काहीबाही बोलणं चालायचं. मी आत पेपर वाचत असायचो. हात कसे चालतात ते पाहून ठेवावं, असं मला कधी वाटलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर ती पहिल्यांदा शाळेला निघाली तेव्हा कंगवा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी दोन पोनी बांधल्या. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. ती तशीच गेली. त्या दिवशी मी ग्रंथालयातून सुतळी आणली. जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधायला असते ती. तीन तुकडे खिडकीच्या गजाला बांधले आणि त्यांची वेणी घालत बसलो. कुणाला विचारायची लाज वाटली. दोन दिवसांत जमलं. तीन पेड, कडेचा पेड मधल्याच्या खालून घ्यायचा, मग दुसऱ्या बाजूचा तसाच खालून. घट्ट बसत होती, सुटत नव्हती. मी खूश होतो.

त्यात एक चूक होती, पण ती मला कळायला पुढं बरेच दिवस जावे लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या बाईंनी मला एक छापलेला कागद दिला. येरमाळ्याच्या पुढं, माळावरच्या एका शाळेत मुलामुलींचं दहा दिवसांचं शिबिर होतं. "पाठवून बघा," त्या म्हणाल्या. "नाही रमली तर घेऊन या." मी कागद चार दिवस खिशात ठेवला. सोबत काय आणायचं याची यादी होती: ताट, वाटी, पेला, सतरंजी, चादर, टोपी, कपडे धुवायचा साबण. खाली तीन ओळी. मोबाईल आणू नये. समारोपाच्या दिवसाआधी पालकांनी भेटायला येऊ नये. आणि तिसरी: मुलींना आपली वेणी आपण घालता यायला हवी, येत नसेल तर केस बारीक करून पाठवावेत.

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण बेंबळीहून आली. तिला मी आक्का म्हणतो. तिनं कागद वाचायला लावला, ऐकला आणि म्हणाली, "आन् मग पाठीव की."

"राहील का ती, आक्का?"

"ती ऱ्हाईल. तू ऱ्हाशील का ते बोल."

तिनं सुपारी कातरली, जराशी तोंडात टाकली.

"न्हायतर मी घेऊन जाते बेंबळीला. माझ्यापाशी ऱ्हाईल, शाळा तिथंच करंल. पर अशी पोर न्हाणीच्या दाराला चिकटून वाढायची न्हाय. उद्या मोठी झाल्यावर काय करशील? अंघोळ सोडशील?"

आक्काचं बोलणं असंच असतं. पण तिच्या बोलण्यातली गोष्ट मला टाळता येत नव्हती. जूनमध्ये मुलीला पाचवीला नव्या, मोठ्या शाळेत जायचं होतं. ती माझ्या ग्रंथालयात बसायची तसं मला तिथं बसता येणार नव्हतं. आणि ती बेंबळीला गेली तर घरात मी आणि तो पलंग उरणार होतो. म्हणजे शिबिराचे दहा दिवस तिनं काढले तर ती माझ्याजवळ राहू शकणार होती, आणि नाही काढले तर आक्का नेणार होती. असं उलटंसुलटं ते गणित होतं.

मी मुलीला कागद वाचून दाखवला. ती सगळं ऐकत होती. केस बारीक करायच्या ओळीला तिनं दोन्ही वेण्या हातात धरल्या.

"कापायच्या न्हाईत."

"मग स्वतः घालायला शिकावं लागेल."

"आईनं वाढवलेत ते," ती म्हणाली. आई हा शब्द तिनं कितीतरी दिवसांनी उच्चारला होता. "शिकवा."

मग खिडकीच्या गजाला पुन्हा सुतळी आली. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीला लावायच्या कापडी पट्ट्या असतात. त्यातल्या निळी, लाल आणि पांढरी अशा तीन मी कापून आणल्या, म्हणजे कुठला पेड कुठं जातो ते कळावं. लाल खालून, निळा खालून, पांढरा खालून. ती ओठ दाबून करायची. आक्का दोन दिवस राहिली होती, ती बाजूला बसून गहू निवडता निवडता बघत होती.

"पोरीला वेणी शिकवायलास का बैलाचं दावं वळायला?"

"आत्या, हसू नको ना, चुकतंय," मुलगी म्हणाली.

"आगं, दावं बी चांगलं वळलं पाहिजे. न्हायतर बैल सुटतंय." आक्का म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली. वेणी बरोबर आहे की चूक, हे तिनं सांगितलं नाही. तिनं ती नीट पाहिली नसावी. जवळचं धूसर दिसायला लागलं होतं तिला, लांबचं तेवढं नीट दिसे.

पट्ट्यांवरून सुतळीवर, सुतळीवरून केसांवर. पुढच्या बाजूला खांद्यावरून केस ओढून ती वेणी घालायला शिकली. सैल, पण वेणीच. अडचण एकच राहिली. दोन वेण्या घालायच्या तर डोक्याचा मागचा भांग पाडावा लागतो, आणि तो आपला आपल्याला दिसत नाही. तिनं दोन आरसे धरून पाहिले. हात दोनच होते. शेवटी बोटानं अंदाजे केस दुभागायचे असं ठरलं.

"वाकडा आला तर?"

"मागं कोण बघतंय," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीनं धाराशिव, तिथून दुसऱ्या गाडीनं येरमाळा असं गेलो. रस्ताभर तिनं माझ्या शर्टाची कड धरली होती. थांब्यावर उतरून माळाच्या रस्त्याला लागलो. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. शाळेच्या फाटकात चिंचेची तीन झाडं, आत कौलारू वर्ग, पाण्याची टाकी, आणि न्हाणीघरं म्हणून पत्रे उभे करून केलेली एक रांग. शिबिराच्या ताई साठीच्या आसपासच्या होत्या. त्यांनी मुलीच्या हातातली वळकटी घेतली नाही. "ती तिकडं ठेवून ये, उजवीकडच्या खोलीत," एवढंच म्हणाल्या.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी ठरवून ठेवलेली वाक्यं होती. तिसऱ्या दिवशी नकोसं वाटलं तर निरोप दे, मी येईन, वगैरे. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणालो, "मी घरी आहे."

ती जरा वेळ विचार करत उभी राहिली. मग शर्टाची कड सोडली आणि वळकटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालायला लागली. मागचा भांग कानाकडं सरकलेला होता. तो दिसेनासा होईपर्यंत मी बघितला.

घरी आलो तर आरशाखालच्या फळीवर कंगवा. तिच्या आईचा, शेपटीचा, एक दात तुटलेला. साधा कंगवा पिशवीत गेला होता, पण हा राहिला होता. हा नसेल तर भांग कसा पाडेल, हे पहिलं मनात आलं. मग असंही वाटलं की हा विसरला म्हणून ती रडत असेल. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मी एकाच पुस्तकाला दोनदा शिक्का मारला. सकाळी न्हाणीत दाराबाहेर कुणी नव्हतं, तरी मी साबण लावता लावता थांबलो.

चौथ्या दिवशी रजा टाकली, कंगवा रुमालात गुंडाळला आणि येरमाळ्याची गाडी धरली. समारोपाआधी येऊ नये हे मला माहीत होतं. पण मी भेटायला चाललो नव्हतो, कंगवा द्यायला चाललो होतो. अशी समजूत घालत घालत मी फाटकापर्यंत पोचलो आणि चिंचेच्या आडोशाला थांबलो.

पटांगणात सावलीच्या बाजूला मुली बसल्या होत्या. अंघोळी आटोपल्या असाव्यात, सगळ्यांचे केस मोकळे होते. त्या गोल करून बसल्या होत्या. प्रत्येकीचं तोंड पुढच्या मुलीच्या पाठीकडं, आणि प्रत्येकीचे हात पुढच्या मुलीच्या केसांत. एका गोलात पंचवीस-तीस तरी. माझी मुलगी एका उंच पोरीची वेणी घालत होती आणि तिच्या मागं एक बुटकी मुलगी तिच्या केसांत बोट घालून भांग पाडत होती. सगळ्यांची तोंडं चालू होती. माझ्या मुलीचंही. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, पण हात थांबवून ती हसली, आणि पुढची उंच पोर ओरडली, "आगं ओढ की, हसायलीस काय! सुटंल ना!"

मागून ताई आल्या. माझ्या हातात गुंडाळलेला रुमाल त्यांनी पाहिला.

"काही राहिलं का?"

"कंगवा. तिच्या आईचा."

मुलीची हकीकत त्यांना बाईंकडून ठाऊक होती.

"बोलावू का तिला?"

मी म्हटलं, "कशी आहे?"

"पहिल्या सकाळी रांगेत बसवल्या होत्या. दरवर्षी आम्ही रांगच करतो. मागचा भांग आपला आपल्याला दिसत नाही, म्हणून एकीनं पुढचीची घालायची. ही सगळ्यात शेवटी जाऊन बसली. तिच्या पुढचीची वेणी झाली, हिच्या मागं कुणीच नाही. केस मोकळे ठेवून बसून राहिली बिचारी. मी उठून जाणार होते. तेवढ्यात तीच उठली. पहिल्या मुलीपुढं जाऊन पाठ करून बसली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी शेवटी बसायला कुणीच तयार नाही, रांगेत पहिली बसायला भांडणं. तेव्हा हीच म्हणाली, गोल बसू या. गोलात शेवटचं कुणी राहत नाही म्हणे." ताई हसल्या. "तीस वर्षं शिबिरं घेतेय मी. इतकं साधं सुचलं नव्हतं."

"रडली नाही?"

"रडली की. पहिल्या दिवशी जेवताना. ताट घासताना पण रडत होती. पण घासलं." त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बोलावते हवं तर. तुम्ही एवढ्या लांबून आलात. पण मग आज पुन्हा पहिला दिवस होईल तिचा."

मी पुन्हा पटांगणाकडं पाहिलं. बुटकीचं भांग पाडून झालं होतं. मुलीनं मागं हात नेऊन तो चाचपला, मान हलवली आणि पुढचीच्या केसांत हात घातले.

कंगवा मी खिशात ठेवला. ताईंना म्हणालो, "मी आलो होतो हे सांगू नका." त्यांनी मला पाणी पिऊन जा म्हटलं. रांजणातलं पाणी गार होतं. दोन पेले प्यालो आणि थांब्यावर आलो. गाडी यायला वेळ होता. समोरच्या हॉटेलात भज्यांचा घाणा निघत होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला भूक लागल्याचं कळलं. भजी खाल्ली, वर चहा घेतला.

समारोपाला आक्काही आली. पटांगणात पुढं मुलं-मुली सतरंज्यांवर बसली होती आणि मागं पालकांच्या खुर्च्या. त्यामुळं आम्हाला सगळ्या मुली पाठमोऱ्या दिसत होत्या. ताई बोलत होत्या, आणि मी पाठींवरच्या वेण्या बघत होतो. काहीतरी वेगळं होतं. मग लक्षात आलं. नेहमीच्या वेणीत पेड गव्हाच्या उभ्या ओंबीसारखे दिसतात, दाणे वरच्या अंगाला. या सगळ्या ओंब्या उलट्या होत्या, देठाला धरून खाली टांगल्यासारख्या. तीसेक मुली, साठ वेण्या, सगळ्या उलट्या. आणि सगळ्यांचे मागचे भांग वाकडे.

आक्कानं डोळे बारीक केले. मग मला कोपरानं ढोसलं.

"समद्या पोरींच्या वेण्या तूच घालून आलास काय रं?"

"मी? नाही."

"मग ही दावी कुणी वळली?" ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आरं, पेड वरून घ्यायचा असतोय. वरून! तू खालून घ्यायलास. चार महिने पोर उलट्या वेणीनं फिरली आन् कुणी बोललं न्हाय!"

कुणी बोललं नव्हतं, हे खरं. आई गेलेल्या मुलीची वेणी उलटी आहे, असं तिच्या बापाला कोण सांगणार?

कार्यक्रम संपल्यावर ती उंच मुलगी आधी आली. तामलवाडीची होती.

"काका, तुमीच का उलट्या वेणीवाले?"

"हो, मीच," मी म्हणालो.

"लई भारी हाय. पहिल्या दिशी मी हिला म्हणलं, आगं ही तर उलटी हाय. तर ही म्हणती, आमच्यात अशीच असती. लई भांडली माझ्याशी. मग आमी शिकून घेतली."

माझी मुलगी तिच्या मागून आली. रापली होती. गुडघ्यावर खरचटल्याची खपली होती, चपलेचा अंगठा सुतळीनं बांधला होता. मला वाटलं ती धावत येऊन बिलगेल. ती आली, उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, वळकटी मी बांधली. ताट पण पिशवीत घातलंय. चला." मग आठवल्यासारखं करून शर्टाला हात लावला आणि सोडला.

गाडीत ती खिडकीशी बसली आणि धाराशिवपर्यंत बोलत होती. कपडे पिळताना दोघींनी दोन टोकं धरून उलट दिशेला फिरायचं. भाकरी थापताना हाताला पाणी कमी लावायचं, तिची एक फुगली होती. पत्र्याच्या न्हाणीत विंचू निघाला आणि सगळ्या ओरडल्या, पण तामलवाडीवालीनं चपलेनं मारला. आक्का प्रत्येक गोष्टीला "व्हय का गं" म्हणत होती. मग मुलगी म्हणाली, "आत्या, मी बेंबळीला येईन. सुट्टीत आठ दिवस. मग परत यायचं मला, शाळा आहे."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "आठच दिवस ये. जास्त राह्यलीस तर भाकरी तुलाच थापाय लावीन."

बेंबळीला कायमचं जायची गोष्ट तिथं संपली. कुणी काढली नाही, कुणी मिटवली नाही.

घरी आल्यावर मी खिशातला रुमाल उघडला. इतके दिवस तो माझ्या खिशातच होता.

"हा विसरली होतीस."

तिनं कंगवा पाहिला. "विसरले न्हवते. ठेवला होता."

"का?"

"तिथं हरवला असता तर?" ती म्हणाली. "तुम्ही काय केलं असतं?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. ताट-वाटी मांडणीत लावायला ती आत गेली. मी कंगवा आरशाखालच्या फळीवर जिथं होता तिथं ठेवला.

दुसऱ्या सकाळी मी अंघोळीला बसलो. पाणी घेतलं, साबण लावला. बाहेर काही नाही. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. तोंडाला फेस लावून मी वाट पाहत बसलो. शेवटी न राहवून मोठ्यानं म्हणालो, "आहे!"

"काय म्हणालात?" आतून आवाज आला.

"काही नाही."

"अंघोळ करा लवकर. चहा गार होतोय."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. शिबिरानं तिला काय दिलं, असं तिच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी काहीतरी नीटनेटकं सांगितलं होतं. खरं म्हणजे मला अजून पुरतं कळलेलं नाही. आई गेल्याचं दुःख दहा दिवसांत कमी झालं, असं काही झालं नाही. अजूनही कधी ती डबा भरता भरता थांबते आणि पलंगाकडं बघते. पण तिथं तिला ताट घासता घासता रडता आलं. रडणं झाल्यावर ताटही स्वच्छ निघालं. घरात मी तिचं ताट काढून घेतलं असतं. मागं कुणी नसताना स्वतः उठून पुढं जाऊन बसावं, हे मी तिला शिकवू शकलो नसतो. मी घरात होतो तोवर तिच्या मागं सदा कुणीतरी होतंच.

आणि मलाही ते दहा दिवस लागले. हे आक्कानं आधीच सांगितलं होतं.

शिबिरानंतरच्या त्या जूनमध्ये नव्या शाळेचा पहिला दिवस आला. ती लवकर उठली, अंघोळ करून आरशासमोर बसली. तामलवाडीवालीनं तिला सुलटी वेणी शिकवली होती. आता दोन्ही येतात.

"कुठली घालणार?" मी विचारलं.

"शाळेला सुलटी. उलटी घातली की सगळ्या विचारत बसतात, मग उशीर होतो." तिनं रिबिनी मांडीवर ठेवल्या. "सुट्टीच्या दिवशी तुमची."

मग फळीवरचा कंगवा उचलून तिनं माझ्या हातात दिला आणि उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. "वेण्या मी घालते. मागचा भांग तेवढा पाडून द्या. तो कुणालाच आपला आपला येत नाही, ताईंना पण नाही."

मी उंबऱ्यावर बसलो. कंगव्याची शेपटी कपाळापाशी टेकवली आणि हळूहळू मागं आणली. टाळूपर्यंत बरी आली. पुढं मानेकडं उतरताना हात किंचित हलला.

"सरळ आलाय?"

"जरा वाकडा आलाय. पुन्हा पाडू?"

"राहू द्या. मला कुठं दिसतोय."

तिनं वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या, दप्तर घेतलं. मी चपला घालायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही कशाला? शाळा माहीत आहे मला." मी एक चप्पल पायात, एक बाहेर, असा दारात थांबलो. ती निघाली. मागं वळून बघेल असं वाटलं होतं, पण समोरून एक मुलगी येत होती, तिच्याशी ती बोलायला लागली.

दोन सुलट्या वेण्या, आणि मधे मानेकडं जाता जाता डावीकडं कललेला तो भांग. तिला दिसत नव्हता. मला गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होता.